कोटेशनमधली ती एक ओळ

नमस्कार ताई,

आमचा यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा व्यवसाय आहे. मला धरून नऊ माणसं. चार महिन्यांपूर्वी माझा भाचा शिक्षण संपवून आमच्यात आला आणि आल्याआल्या म्हणाला, “मावशी, एआय घेतलं नाही तर आपण वर्षभरात संपलो.” मी घाबरले आणि त्याला तीन टूल्सची सबस्क्रिप्शनं घेऊ दिली. आता ईमेलला उत्तरं, कोटेशनं, थकबाकीची स्मरणपत्रं, सगळं तो त्यातूनच लिहितो. पहिला महिना मला फार हलकं वाटलं. गेल्या आठवड्यात मात्र एका जुन्या ग्राहकाने तुटलेला पार्ट बदलून मागितला. आमच्या कोटेशनमध्ये ‘एक वर्षाची वॉरंटी’ अशी ओळ होती. त्या मालावर आम्ही वॉरंटी कधीच देत नाही. भाच्याने ती ओळ लिहिली नव्हती आणि वाचलीही नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. आमच्याकडे १७ वर्षं कोटेशनचं काम बघणारे काका आहेत. दरांची यादी एक्सेलमध्ये आहे, पण कोणाला किती सूट द्यायची, कोणाला उधारी चालेल, हे त्यांच्या डोक्यात. भाचा त्यांना म्हणाला, “ते सगळं लिहून द्या, टूलमध्ये घालायचंय.” काका “बघतो” म्हणाले, त्याला सहा आठवडे झाले. आता ते माझ्याशीही कामापुरतंच बोलतात.

मी मागे पडतेय का? हे सगळं बंद करू, की आणखी चांगलं चौथं टूल घेऊ? आणि काकांना काय सांगू?

एक गोंधळलेली मालकीण

*

आधी तो पार्ट बदलून द्या. हे वाचून झालं की फोन उचला. ओळ कशी आली ते ग्राहकाला मोकळेपणाने सांगा, पण सबब म्हणून सांगू नका. कोटेशनवर नाव तुमचं आहे, तेव्हा शब्दही तुमचाच.

हे मी नुसत्या सचोटीपोटी सांगत नाही. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं होतं, की जवळचं माणूस गेल्यावर मिळणारी भाड्यातली सवलत तिकीट काढल्यानंतरही मागता येते. कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रकरण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या दिवाणी न्यायाधिकरणापुढे गेलं, तेव्हा चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे अशा अर्थाचा बचाव कंपनीने मांडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाची भरपाई करायला लावली. रक्कम लहान होती. पण एवढ्या मोठ्या कंपनीला जी सबब चालली नाही, ती नऊ माणसांच्या व्यवसायाने जुन्या ग्राहकापुढे ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

आता ती ओळ आली कुठून ते बघू, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची वाट तिथूनच जाते. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसाठी खुलं झालं. त्या जातीची सगळी टूल्स मुळात एकच गोष्ट करतात. आतापर्यंतचा मजकूर बघून पुढे कोणता शब्द यायची शक्यता जास्त, ते ठरवतात. मग तो शब्द धरून त्याच्या पुढचा. अफाट मजकुरावरून त्यांना हे शिकवलेलं असतं. आता कोटेशनांमध्ये दर, माल पोचवण्याची मुदत, पैसे देण्याच्या अटी एवढं झालं की पुढे बहुतेक वेळा काय येतं? वॉरंटी. तुम्ही ती देत नाही हे टूलला कोणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेल्या ठिकाणी थांबून विचारण्यापेक्षा जागा भरून टाकण्याकडे त्याचा कल असतो. कोटेशन जसं असतं, तसं त्याने ते पूर्ण केलं.

म्हणून भाच्याला फक्त “नीट वाचत जा” म्हणालात, तर हे पुन्हा होईल. वीस कोटेशनं बिनचूक आली की एकविसावं माणूस वाचत नाही, त्यावरून नजर फिरवतो. मी, तुम्ही, कोणीही. घाईत स्वतः लिहिलेल्या पत्रात चूक असली की बहुधा वाक्यही कुठेतरी अडखळतं आणि डोळा तिथे थांबतो. इथे खोटी ओळ खऱ्या ओळीइतकीच गुळगुळीत असते.

वाचणाऱ्याच्या चिकाटीवर भिस्त न ठेवता कागदाची मांडणीच बदला. वॉरंटी, परतीचे नियम, उधारीची मुदत या अटी एका पक्क्या नमुन्यात लिहून ठेवा आणि त्या भागाला टूलचा हात लागू देऊ नका. दर एक्सेलमधून यावेत, बेरीजही एक्सेलनेच करावी. टूलने लिहायचं ते वरचं चार ओळींचं पत्र. ते पाठवण्याआधी त्यात तीन गोष्टी हुडकायच्या: आकडा, तारीख, आश्वासन. एकेकावर बोट ठेवून विचारायचं, हे आपल्या कुठल्या कागदावर आहे? कागद सापडला नाही तर ती ओळ काढून टाकायची. ‘माल लवकरात लवकर पोचेल’ हेसुद्धा आश्वासनच आहे, ते सुटू देऊ नका.

तुम्ही मागे पडताय का? नाही. “वर्षभरात संपलो” असं म्हणणाऱ्यांना नवं यंत्र आणि त्याचा खरा उपयोग यांच्यात किती वेळ जातो याचा विसर पडतो. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं. १९०० च्या सुमाराला, म्हणजे जवळजवळ दोन दशकांनी, अमेरिकेतल्या कारखान्यांमधली पाच टक्क्यांहून कमी यंत्रशक्ती विजेच्या मोटरवर चालत होती. ज्यांनी वीज घेतली, त्यांच्यातल्याही अनेकांनी वाफेचं इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटर बसवली. छताखालून कारखानाभर जाणारा फिरता दांडा तोच, त्यावरून खाली उतरणारे पट्टे तेच, आणि त्या दांड्याला धरून उभी केलेली यंत्रंही तिथेच. इंजिन बदललं, कारखाना बदलला नाही. उत्पादकतेतली मोठी वाढ दिसली ती १९२० च्या दशकात. तोवर एकेका यंत्राला स्वतःची लहान मोटर मिळाली होती, दांड्याची गरज उरली नव्हती आणि काम जसं पुढे सरकतं तशी यंत्रं मांडता येऊ लागली होती. अर्थशास्त्राचे इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये ही हकिगत मांडली. संगणक सगळीकडे दिसतात मग आकडेवारीत त्यांचा फायदा का दिसत नाही, या प्रश्नाला त्यांचं ते उत्तर होतं.

तुमच्या भाच्याने इंजिनाच्या जागी मोटर बसवली. दांडा आणि पट्टे जागेवरच आहेत. तुमच्याकडचा दांडा कोणता, हे तुम्ही पत्रात स्वतःच लिहिलंय: दर एका ठिकाणी, सूट दुसऱ्या ठिकाणी, आणि उधारीचा निर्णय एका माणसाच्या डोक्यात. हे असंच राहिलं तर चौथं टूलही तेच करेल, फक्त अधिक सफाईने. माझ्याही व्यवसायात संगणक आला तेव्हा दीड वर्ष वही आणि संगणक दोन्ही चालू होते, आणि संध्याकाळी दोन्हींचा मेळ बसवणं हे एक तिसरंच काम होऊन बसलं होतं. तेव्हा चौथं घेऊ नका. आहेत त्या तिनातली दोन बंद करा. कुठलं ठेवायचं याची फार चिंता करू नका. पत्रं लिहिणं, मजकुरातून माहिती वेचणं एवढ्या कामांना त्यातलं कुठलंही पुरेल.

आता त्या एकाला कुठलं काम द्यायचं? मी एकच कसोटी लावते. काम करायला जितका वेळ लागतो, त्यापेक्षा ते तपासायला खूप कमी वेळ लागतो का? तुमच्याकडे चौकशीचे लांबलचक ईमेल येत असणार. निम्म्या मजकुरात नमस्कार-चमत्कार, मध्येच सहा पार्ट नंबर, तळाशी “आणि मागच्या वेळचे ते दोनही पाठवा.” यातून पार्ट नंबर आणि नग यांचा तक्ता करून घेणं हे उत्तम काम आहे. तक्ता आणि ईमेल शेजारी ठेवले की चूक लगेच दिसते. थकबाकीच्या स्मरणपत्रांचा मसुदाही चांगला होतो, कारण रक्कम आणि तारीख तुम्हाला आधीच ठाऊक असते, अडतं ते शब्दांपाशी. पैसे मागायला संकोचणाऱ्या माणसाला तिथे खरोखर मदत होते.

उलट, “हा पार्ट त्या यंत्राला बसेल का?” याचं उत्तर टूलला विचारून ग्राहकाला देऊ नका. ते तपासायचं तर माहितीपत्रक उघडावंच लागतं, मग आधीच ते का उघडू नये? कोणाला उधारी द्यायची हेही नाही. आणि ग्राहकांशी परस्पर बोलणारा चॅटबॉट तर इतक्यात मुळीच नको. तिथे मधे वाचणारं कोणीच नसतं.

वेळ वाचतो की नाही, हे घड्याळ लावून बघा, मनाला विचारू नका. २०२५ मध्ये मीटर या संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांवर एक प्रयोग केला. त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांमधली २४६ कामं घेतली आणि कुठल्या कामाला एआय वापरायचं, कुठल्याला नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. काम संपल्यावर त्यांचा अंदाज होता की एआयमुळे आपला वेळ साधारण २० टक्क्यांनी वाचला. मोजलेला वेळ १९ टक्क्यांनी वाढलेला होता. तेव्हाची टूल्स, मुरलेली माणसं आणि विशिष्ट काम, त्यामुळे हाच आकडा तुमच्या कोटेशनांना लावता येणार नाही. पण वेळ वाचल्यासारखं वाटणं आणि तो वाचणं यात एवढं अंतर पडू शकतं हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. तुम्हीही लिहिलंय की पहिला महिना हलकं वाटलं. तेव्हा किती मिनिटं वाचली, हे कोणी टिपून ठेवलंय का?

भाच्याला एक वही द्या. ईमेलवरून तक्ता करायला किती मिनिटं, तपासायला किती, चुका किती आणि कोणत्या. महिनाभर रोज. टूलशिवाय केलेली काही कामंही त्यात हवीत, नाहीतर तुलना कशाशी करणार? त्या वहीतल्या चुकांची यादी मला वाचलेल्या मिनिटांपेक्षा मोलाची वाटते. तुमच्या व्यवसायातल्या कोणत्या गोष्टी कुठेच लिहिलेल्या नाहीत, हे तीच यादी दाखवेल.

एक गोष्ट थोडक्यात, पण टाळू नका. ही सबस्क्रिप्शनं कोणाच्या नावावर आहेत? भाच्याच्या खासगी खात्यावर असतील तर व्यवसायाच्या नावाने खातं उघडा, म्हणजे तो उद्या दुसरीकडे गेला तरी तुमची पत्रं तुमच्याकडे राहतील. वैयक्तिक खात्यांमध्ये, विशेषतः फुकट योजनांमध्ये, तुम्ही घातलेला मजकूर पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाण्याची मुभा अनेकदा आपोआप चालू असते. ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. व्यावसायिक योजनांमध्ये सहसा असा वापर होत नाही, तरी अटींचं ते पान स्वतः वाचा. ग्राहकांचे फोन नंबर, बँकेचा तपशील, कोणाची किती उधारी थकली, हे त्यात घालायचंच नाही असं ठरवून टाका. तक्त्यासाठी पार्ट नंबर पुरतात, नाव लागत नाही. आणि बाकीच्या सात जणांनाही विचारा की त्यांच्यातलं कोणी आपल्या फोनवर असं काही वापरतं का. रागावून विचाराल तर सगळे “नाही” म्हणतील.

आता काका.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की वॉरंटीपेक्षा हे मोठं आहे. सतरा वर्षांत काकांनी जे जमवलं, ते त्यांनी लिहून द्यावं असं त्यांना सांगितलं गेलं. सांगणारा चार महिन्यांपूर्वी आलेला मुलगा. ते कशासाठी, तर टूलमध्ये घालण्यासाठी. त्यानंतर काकांचं काय, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या “बघतो”मध्ये मला तरी हट्ट दिसत नाही. त्यांना जो प्रश्न विचारायचा आहे, तो विचारायची त्यांना सोय नाही.

इथे तुम्हाला आणखी एका अभ्यासाची गोष्ट सांगते. अर्थशास्त्रज्ञ एरिक ब्रिन्यॉल्फसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ग्राहकसेवेतल्या पाच हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचं काम तपासलं. ग्राहकाला काय उत्तर द्यावं हे सुचवणारं एआय टूल त्यांना मिळालं होतं. २०२३ मध्ये त्यांनी जे मांडलं त्यानुसार, तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. पण नवख्यांच्या ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्यांच्या जवळजवळ नाहीच. असं का? संशोधकांच्या मते, ते टूल कुशल कर्मचाऱ्यांच्या हातोटीवर पोसलेलं होतं आणि तीच हातोटी ते नवख्यांपर्यंत पोचवत होतं. म्हणजे नवख्याच्या वाढलेल्या कामात जुन्या माणसाचा वाटा होता, आणि त्याच्या स्वतःच्या कामाच्या आकड्यात तो कुठेच दिसत नव्हता.

तुमच्याकडे नेमकं हेच होऊ घातलंय. काकांच्या डोक्यातलं कागदावर आलं की भाच्याची कोटेशनं सुधारतील आणि कौतुक टूलचं होईल. म्हणून माझा सल्ला असा की काकांकडून हे फुकट मागू नका. हे त्यांच्या रोजच्या कामाचा भाग नाही, वेगळं काम आहे. त्याचे वेगळे पैसे द्या किंवा पगार वाढवा, आणि त्यासाठी कामाच्या वेळातच वेळ काढून द्या. लिहून तयार झालेल्या नियमांवर शेवटचा शब्द त्यांचा राहील असं ठरवा. तक्ता भाच्याने करायचा, त्यावर बोट ठेवून तपासायचं काकांनी. ती वॉरंटीची ओळ त्यांच्या नजरेतून सुटली नसती, हे तुम्हालाही माहीत आहे.

त्यांच्याशी बोलताना एक प्रश्न येईल, त्यांनी तोंडाने विचारला नाही तरी येईल: हे सगळं लिहून झालं की माझी गरज उरेल का? त्याचं उत्तर आधी स्वतःला द्या. त्यांना ठेवायचं पक्कं असेल तर तसं स्पष्ट शब्दांत सांगा, आणि शक्य असेल तर लिहून द्या. दोन वर्षांचीच खात्री देता येत असेल तर दोन वर्षं म्हणा. “तुमची नोकरी कुठे जात नाही हो” असं हसत हसत, पक्कं न ठरवता म्हणू नका. ज्या माणसाने १७ वर्षं तुमच्यासाठी ग्राहकांचे शब्द तोलले, त्याला तुमचाही शब्द तोलता येतो.

आणि सगळं लिहून निघणार नाही, हेही मान्य करा. एखाद्या ग्राहकाला काका जास्त सूट देतात, कारण वाईट काळात त्याने तुमचे पैसे वेळेवर दिले होते. दुसऱ्याला कमी, कारण तो दरवेळी ऑर्डर देऊन निम्मी परत करतो. यातला काही भाग नियम होईल, काही होणार नाही. जे नियमात बसत नाही, तिथे तक्त्यात ‘काकांना विचारा’ असा रकाना ठेवा. त्या रकान्याची मला अजिबात लाज वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

हे बोलणं तुम्ही स्वतः करा, एकट्याने, भाच्याला मधे न घेता. झालेल्या प्रकाराबद्दल “मी आधीच तुमच्याशी बोलायला हवं होतं” एवढं म्हणा. निरोप भाच्याने दिला असला तरी तो द्यायचं काम तुमचं होतं.

भाच्याचाही राग धरू नका. त्याला काम बदलावंसं वाटतं, तो धडपडतो, आणि चूक लपवायचा प्रयत्न त्याने केला असं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. नऊ जणांच्या जागेत असा मुलगा असणं चांगलंच आहे. फक्त त्याला टूल आधी दिसलं आणि काम नंतर. काकांशी तुमचं बोलणं झालं की त्याला आठवडाभर काकांच्या शेजारी बसवा, लॅपटॉप बंद ठेवून. काका फोनवर एखाद्याला “बघतो, कळवतो” म्हणतात आणि दुसऱ्याला तिथल्या तिथे दर सांगून मोकळे होतात. हे असं का, ते त्याने त्यांनाच विचारू दे.